विरळणीचा तास

या आठवड्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागा छाटून झाल्या. वालचंदनगरच्या क्वार्टरमधून मी सकाळी स्कूटीवर निघते, तेव्हा परवापर्यंत हिरव्या मांडवासारख्या दिसणाऱ्या बागांच्या आता नुसत्या तारा आणि काड्या उरल्यात. त्यातून पलीकडचा ऊस दिसतो, उसापलीकडचं कुणाचं तरी घर दिसतं, आणि सगळीकडं एक उग्र वास भरून राहिलेला असतो. छाटलेल्या काडीचे डोळे फुटावेत म्हणून त्यांना औषध लावतात, त्याचा हा वास. नाकाच्या मुळाशी जाऊन बसतो. शाळेत पोचून खडू हातात घेतला तरी जात नाही.

हा वास आला की मला तीन वर्षांपूर्वीची थंडी आठवते. त्या थंडीत मी जवळजवळ प्रत्येक माणसावर संशय घेतला. त्यातले काही संशय खरे निघाले, काही खोटे. जिथं खरोखर संशय घ्यायला हवा होता, तिथं मात्र माझं लक्षच गेलं नाही.

मी आमच्या शाळेत गणित शिकवते. इंदापूर तालुक्यातली साधी माध्यमिक शाळा, पुढं कालवा, मागं खारवून चोपण पडलेली थोडी जमीन. नववीला एका भाषेच्या जागी शेतीचा विषय घेता येतो. हा विषय आमच्याकडं पहिल्यापासून होता, पण तो कुणासाठी होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांचं नाव निकालाच्या दिवशी काळजीनं बघावं लागतं, त्या मुलांसाठी. शेतीच्या तासाला ती कुंपणाच्या मेंदीला पाणी घालायची, पंधरा ऑगस्टच्या आधी मैदान साफ करायची. मुली त्या विषयाला कधीच नव्हत्या. माझ्या वडिलांनी मला शाळेत घातलं ते खुरपं हातातून सुटावं म्हणून. तेच खुरपं शाळेच्या दारानं परत हातात येतंय असं मला वाटायचं, आणि मी माझ्या वर्गातल्या मुलांना त्या विषयापासून लांब ठेवायचे.

त्या वर्षी शेतीला खैरे मॅडम नव्यानं आल्या. वय तिशीच्या आत, सुप्याच्या बाजूच्या. त्यांच्याकडं पावसावरची बाजरी आणि शेळ्या, त्यामुळं आमच्याकडचं पाणी बघून त्या पहिले काही दिवस नुसत्या कालव्याकडं बघत उभ्या राहायच्या. दिवाळीच्या आधी त्या शिक्षकांच्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसल्या.

"जगतापबाई, तुमच्या वर्गातली काही मुलं मला शेतीला हवी आहेत. पट तपासायला साहेब येईपर्यंत विषय बदलता येतो, हेडसरांनी परवानगी दिलीय."

"कोणती?"

त्यांनी कागद पुढं केला. पहिलंच नाव आयेशा मुलाणीचं होतं. आयेशा म्हणजे गणितात एकदाही दुसरी न आलेली मुलगी.

"हिला का?"

"तिनं स्वतः विचारलंय."

मला ते पटलं नाही. शेतीचा पट भरला नाही तर विषय बंद होणार आणि मॅडमची जागा जाणार, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. मी सरळच विचारलं, "नोकरी टिकावी म्हणून चाललंय का हे सगळं?"

त्या अजिबात रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हो, तेही आहे. पण तेवढंच नाही."

खोटं बोलल्या असत्या तर मी निश्चिंत झाले असते. एवढं सरळ कबूल करणारं माणूस मला जास्त धोक्याचं वाटलं. म्हणून त्या घरोघरी जायला निघाल्या तेव्हा मी म्हणाले, मीही येते. मदत करायला जातेय असं मी दाखवलं. खरं म्हणजे त्या आईबापांना काय काय आमिषं दाखवतात ते मला ऐकायचं होतं.

दिवाळीच्या आधीच्या त्या संध्याकाळी मला अजून तुकड्यातुकड्यांनी आठवतात. गोठ्यातल्या शेणाचा ऊबदार वास, चुलीवर भाजणाऱ्या शेंगदाण्यांचा वास, प्रत्येक घरी समोर येणारा गोड मिट्ट चहा. एका ओसरीवर रूपनवरतात्या बसले होते. त्यांची अर्धा एकर द्राक्षबाग, बाकी थोडा ऊस. त्यांची सोनाली नववीत होती.

"शेती शिकायला शाळा कशाला पायजे?" तात्या म्हणाले. "ती तर घरीच हाय. आन दुसरं सांगू का मॅडम, पोरगी शेती शिकली म्हंजी शेतकऱ्याचंच स्थळ येनार. आज कोन देतंय शेतकऱ्याला पोरगी? मी बी देनार न्हाय."

मी खैरे मॅडमकडं बघितलं. आता त्या सरकारी नोकरीचं काहीतरी सांगतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "तात्या, मलाही शेतकऱ्याशी लग्न करायचं नव्हतं. पण गेल्या साली तुमच्या बागेवर रोग आला तेव्हा तुम्ही कुणाला विचारलं?"

"दुकानदाराला."

"त्याला काय विकायचं होतं तेच त्यानं सांगितलं असणार."

तरी सोनालीचं नाव काही तात्यांनी दिलं नाही.

आयेशाचं घर गावाच्या कडेला, मशिदीच्या मागच्या गल्लीत. तिचे वडील आठवडी बाजारात बांगड्यांची गाडी लावायचे. आई, नसीमभाभी, द्राक्षाच्या विरळणीची टोळी चालवायच्या. विरळणी म्हणजे घडातले जादाचे मणी लहानशा कात्रीनं कापून काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. दिवसभर हात आणि मान वर करून बारा बायका ते काम करायच्या, आणि त्या बाराजणींच्या मुकादम नसीमभाभी. आसपासच्या दहा गावांत त्यांच्यासारखा घड कुणाला विरळता येत नाही असं म्हणत.

"माजी पोरगी कात्री धरनार न्हाय," त्या म्हणाल्या. "मी धरली तेवढी बास झाली."

आयेशा दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "मला कात्री न्हाय शिकायची. आईचं हात बगा."

नसीमभाभींनी हात पदराखाली घेतले, पण मी बघितलंच. तळव्यांची साल निघून खालची लाल कातडी दिसत होती. काड्यांना ते डोळे फुटायचं औषध लावायचं काम त्या वर्षी टोळीनं घेतलं होतं आणि बायकांनी ते फडक्यानं, उघड्या हातांनी लावलं होतं.

"बाटलीवर लिवलंय, हातमोजं घाला म्हणून," आयेशा म्हणाली. "बारीक अक्षरात. मी नंतर वाचलं. कुनीच वाचलं नव्हतं. काय कशात किती मिसळायचं, काय अंगाला लागू द्यायचं न्हाय, ते मला शिकायचंय."

नसीमभाभींनी पदराखालचे हात बाहेर काढले. मग म्हणाल्या, "घाला नाव." मी मात्र त्या रात्री घरी येऊन विचार करत बसले, की हे वाक्य मॅडमनी तिला आधी पढवून तर ठेवलं नसेल.

तरीही पट काही भरेना. आणि अचानक भरला. दिवाळीची सुट्टी संपताच चाळीसच्या वर नावं आली. कारण कळायला वेळ लागला नाही. संस्थेचे एक सदस्य, गावात त्यांना सगळे आबा म्हणायचे, त्यांनी आपली मोठी द्राक्षबाग शाळेच्या प्रात्यक्षिकाला देऊ केली होती. दर शनिवारी ट्रॅक्टरची ट्रॉली शाळेच्या दारात यायची. खाली ताडपत्री, वर पोरं. बागेत गेल्यावर गरम पोहे, चहा. वर्गाच्या चार भिंतींतून सुटका. आता ज्यांनी शेतीला नाकं मुरडली होती तीही मुलं येऊन नावं देऊ लागली. हेडसर खूश होते. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात आबा मध्यभागी होते.

फुकट मिळालेल्या गोष्टीकडं मी कधी सरळ नजरेनं बघू शकत नाही. दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी मी न सांगता बागेवर गेले. डिसेंबरची सकाळ, तारांवर दव, मांडवाखाली हिरवा ओला उजेड. गड्याच्या खिशातल्या मोबाईलवर भावगीत चाललं होतं. पोरं ओळीओळीनं उभी होती, हातात कात्र्या. खैरे मॅडम छापील कागद घेऊन फिरत होत्या. आबांनी मला खुर्ची दिली.

"बसा बाई. बगा की, पोरं कशी शिकत्यात. आमच्या वक्ताला कोन असं शिकवत होतं?"

मी कसून बघितलं. कुणी मुलांना दरडावत नव्हतं. औषधाची फवारणी नव्हती. मुलं हसत होती. एक गोष्ट तेवढी खटकली. आयेशा, जी परीक्षेत सगळ्यांच्या आधी पेपर संपवून बसते, ती सगळ्यांच्या मागं होती. एकेक मणी कापायची, घड हातात धरून थांबायची, पुन्हा एक कापायची. बाकीच्यांच्या ओळी संपल्या तरी तिची अर्धीच झाली होती. परत येताना मी खैरे मॅडमना म्हणाले, "बघा, तिला हे जमत नाही. उगाच ओढलंत."

आज तो दिवस आठवला की माझी मलाच लाज वाटते. ट्रॉलीला कठडा आहे का, पोह्यांचं तेल कसलं आहे, कात्र्यांना गंज आहे का, सगळं बघून झालं होतं माझं. त्या बागेत त्या दिवशी एकही बाई कामाला नव्हती, हे मी बघितलं नाही. ऐन विरळणीत द्राक्षबागेत बाई नसावी, म्हणजे लग्नघरात स्वयंपाकी नसावा तसं. तरी दिसलं नाही.

पुढच्या मंगळवारी मधल्या सुट्टीत नसीमभाभी शाळेच्या फाटकाशी आल्या. कामाच्या दिवशी त्या अशा रिकाम्या कधी दिसायच्या नाहीत.

"बाई, एक इचारू का? शाळा आजून किती शनिवार येनार हाय आबांच्या रानात?"

"का हो?"

"आमाला आबांनी सांगितलंय, यंदा नका येऊ. आदी शनिवारचं नको म्हनले. मग सोमवारी गेलो तर म्हनले, पोरांनी बरंच उरकलंय, कळवतो. दोन हप्ते झालं बाराजनी घरात बसून. दुसऱ्या बागा ज्याच्या त्याच्या टोळ्यांनी धरल्यात." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं ऐकवेना. "आमच्या जागी आमचीच पोरं उबी केली बाई. आता भांडायचं कुनाशी?"

मी आयेशाला बोलावून घेतलं. आईच्या टोळीचं काम पोरंच उरकतायत, हे तिला पहिल्या शनिवारपासून कळलं होतं.

"घरी का नाही सांगितलंस?"

"आईनं विषय सोडाया लावला असता." मग मान खाली घालून म्हणाली, "मी लय हळू करत होते बाई. माझ्या ओळीतलं निम्मं घड तसंच ठेवायची. म्हटलं, तेवढं तरी आईला राहील."

मी तडक खैरे मॅडमकडं गेले. मनात हेच होतं की या बाईंना सगळं ठाऊक असणार. पट भरला, फोटो आला, आता कोण विचारतंय. मी नसीमभाभींनी सांगितलेलं सगळं सांगितलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्या टेबलावरच्या कागदाची घडी घालत, उलगडत बसल्या.

"मी द्राक्ष आयुष्यात पहिल्यांदा इथं बघितलं जगतापबाई," त्या म्हणाल्या. "बागेत बायका असतात हेच मला माहीत नव्हतं. वाटलं, घरचे लोक करत असतील."

हे मी खरं मानलं. तेव्हा पूर्ण मानलं नव्हतं, नंतर मानलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी आबांकडं गेलो. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ह्यात वाईट काय झालं?" ते म्हणाले. "पोरांना शिकाया मिळतंय, मला हातभार लागतोय. तुमचा पट भरला. बायकांना काय, दुसरं काम मिळंल."

खैरे मॅडम म्हणाल्या, "आबा, मला विरळणी येत नाही. मी कागदावरचं वाचून सांगत होते, आणि मुलं एकमेकांचं बघून कापत होती. याला शिकवणं म्हणत नाहीत. तुमच्या बागेत ते शिकवू शकेल असं एकच माणूस आहे, नसीमभाभी. त्यांच्या टोळीला कामावर घ्या, त्यांची मजुरी त्यांना द्या. मुलं येतील, बघतील, विचारतील, हाताखाली दोन-दोन घड करतील. काम बायकांचं, शिकणं मुलांचं."

आबांनी खिशातली तंबाखूची डबी काढली, उघडली, परत बंद केली. "मला शाळा चालवायची का बाग?" ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या मग. शनिवारपास्नं ट्रॉली यायची न्हाय."

आणि खरोखरच आली नाही. घडांना थांबता येत नाही, त्यामुळं आठवड्याच्या आत आबांनी टोळीला परत बोलावलं. पोरांनी केलेले घड पुढं वाकडे भरले, असंही गावात बोलत. ते कुणी बागेत जाऊन बघितलं होतं की नुसतं बोलायचं म्हणून, मला माहीत नाही.

ट्रॉली थांबली तशी नावंही गळू लागली. पोह्यांसाठी आलेली मुलं पोह्यांबरोबर गेली. पट तपासायला साहेब येणार त्याच्या आधी हेडसरांनी खैरे मॅडमना बोलावलं. गेलेल्या मुलांची नावं हजेरीत तशीच ठेवा, कोण मोजतंय, असं त्यांनी सुचवलं. मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात हजेरी होती. त्या रात्री त्या सही करणार याची मला खात्री होती. त्यांच्या जागी मी असते तर केली असती. सकाळी मी लवकर येऊन हजेरी उघडली. गेलेल्या प्रत्येक नावावर लाल रेघ मारलेली होती, पट्टी लावून, सरळ. खाली उरलेल्यांचा आकडा. तो पुरणार नव्हता.

शेतीच्या विषयासाठी मी घरोघरी हिंडेन असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण त्या आठवड्यात मी एकटी हिंडले. हेडसरांना म्हणाले, लाल रेघांच्या जागी खरी मुलं आणली तर चालतील ना. ते हो म्हणाले, त्यांना तरी दुसरं काय हवं होतं. लोक मला ओळखत होते. गणिताची बाई, कुणाचं चांगलं न बोलणारी. मी बागेचं, पोह्यांचं आमिष दाखवलं नाही. जे झालं ते सांगितलं. बायका घरी कशा बसल्या, मॅडमनी नावं कशी खोडली. ज्यांच्याकडं एक गुंठाही जमीन नाही अशा घरांत मी पहिल्यांदाच जात होते, कारण शेतीचा विषय त्या पोरांना घेता येतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. जमीन नाही तर शेती कशाला, असं आम्ही शिक्षकांनीच ठरवून टाकलं होतं. आणि त्याच घरांतली माणसं तालुक्यातली निम्मी शेती हातानं करत होती.

रूपनवरतात्यांच्या ओसरीवर मी मुद्दाम शेवटी गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "बाई, ह्यात खोट काय हाय ते आदी सांगा."

"पट भरला नाही तर मॅडमची नोकरी जाईल. तेवढी आहे."

तात्या थोडं हसले. "सोनालीचं घाला. आन माजी बाग अर्ध्या एकराची हाय, छाटनी उशिरा झाल्ती, टोळी परवा येनार हाय. बायकांचा रोज मी देनार हाय, दर साली देतो तसा. तुमची पोरं कडंला उबी ऱ्हात असतील तर येऊ द्या."

त्या विरळणीचा तास मी गणिताचा तास सोडून बघितला. जानेवारी लागला होता. पोरं चालत गेली. नसीमभाभी मांडवाखाली उभ्या होत्या आणि पहिली पाच मिनिटं त्यांना बोलताच येईना. चाळीस पोरं आपल्याकडं बघतायत, हे त्यांना सवयीचं नव्हतं. मग त्यांनी एक घड हातात घेतला.

"वरनं नका बगू. खालनं बगा. खालनं बघितलं की कळतं कुटं गर्दी झाली ती. हितं बोट घाला. गेलं? न्हाय गेलं. म्हंजी हितला एक मनी काडायचा. आता घाला. गेलं का?"

"गेलं," सोनाली म्हणाली.

"बास. जादा कापला तर मोकळं दिसतं, मग माल हलका पडतो. कात्रीचं टोक आत न्हाय, भाएर. दुसऱ्या मन्याला टोचलं तर तो सडतो, आन त्याच्या संगं चार सडत्यात."

खैरे मॅडम मुलांच्या मागच्या रांगेत वही घेऊन लिहून घेत होत्या. आयेशा पुढं होती. त्या दिवशी तिनं कात्री हातात घेतली आणि मी बघतच राहिले. एवढ्या भराभर तिचे हात चालत होते की शेजारची मुलं आपलं काम सोडून तिच्याकडं बघायला लागली. नसीमभाभींनीही बघितलं. त्यांनी फक्त तोंड दुसरीकडं वळवलं. घरी बसून पोरीनं हे कधी उचललं, हा प्रश्न त्यांना पडला असावा, आणि त्याचं उत्तर त्यांना आवडलं की नाही ते मला त्यांच्या पाठीवरून कळलं नाही.

पट भरला. जेमतेम भरला, पण खरा भरला. खैरे मॅडम अजून आमच्या शाळेत आहेत, आणि अजूनही त्यांनी नवं काही काढलं की मी आधी विचारते, यात खोट काय आहे. त्या हसत नाहीत, खोट सांगतात. आयेशा आता बारावीला आहे, बारामतीला. पुढं काय करणार विचारलं तर सांगत नाही. मीही खोदून विचारत नाही.

शेतीला आता मुली जास्त आहेत, आणि बिनजमिनीच्या घरांतली मुलं तर कितीतरी. पट वाढला की बघणारेही वाढतात. गेल्या शुक्रवारी शाळेत पालकांची सभा होती. बाहेरून एक साहेब आले होते, चांगल्या इस्त्रीच्या कपड्यातले. ते सांगत होते, मोठी पेरूची बाग आहे, माल परदेशात जातो, तुमच्या मुलांना तिथं प्रत्यक्ष काम करायला मिळेल, प्रमाणपत्र मिळेल, ने-आण आम्ही करू. पडद्यावर फोटो होते. हेडसर मान डोलवत होते. मी खुर्चीच्या काठावर आले. उठून काय विचारायचं ते माझ्या मनात तयार होतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं नसीमभाभी उठल्या. त्यांचा धाकटा या वर्षी नववीला आलाय.

"सायेब, एक इचारायचं हाय. तुमच्या बागंत आता कामाला कोन हाय?"

"मजूर आहेत ना. भरपूर आहेत."

"बाया हायत का त्यात?"

"आहेत."

"आमची पोरं आली म्हंजी त्या बाया कुटं जानार?"

साहेबांनी हेडसरांकडं बघितलं. हेडसरांनी माझ्याकडं बघितलं. साहेब म्हणाले, "ते आपण नंतर बोलू, मॅडम."

"आताच बोला," नसीमभाभी म्हणाल्या. "मी उबी हाय."

त्यांच्या शेजारची बाई उठली, तिच्या मागची उठली. पुरुषांच्या बाजूला रूपनवरतात्या टोपी सारखी करत उठले. मी खुर्चीत नीट मागं टेकून बसले. पडद्यावर पेरूचा फोटो तसाच होता, आणि साहेब बोलायला सुरुवात कुठून करायची ते शोधत होते.